टोंटोचा आवाज कुणाचा?



चाळीत एकाच्या घरी रेडिओ आणि श्रुतिका ऐकायला दारात दहा जण, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. टीव्ही येण्याआधी अमेरिकेतही रेडिओचे असेच वेड होते. तिथल्या पोरांची लाडकी श्रुतिका म्हणजे 'द लोन रेंजर'. जानेवारी १९३३ मध्ये डेट्रॉइट शहरातून ती सुरू झाली आणि १९५४ पर्यंत चालली. डोळ्यांवर काळा मुखवटा लावलेला गोरा वीर, सिल्व्हर नावाचा पांढरा घोडा आणि दर भागात गुंडांचा बंदोबस्त. स्टुडिओत घोडा कुठला? त्या काळच्या श्रुतिकांत नारळाच्या करवंट्या आपटून टापा वाजवीत, आणि ऐकणाऱ्याला घोडा दौडताना दिसे!

पण आम्हाला बोलायचे आहे टोंटोविषयी. वीर एकटाच हिंडला तर बोलणार कुणाशी? रेडिओवर बोलल्याशिवाय काही कळत नाही. म्हणून सुरुवातीच्या काही भागांनंतर त्याला एक सोबती दिला. हा टोंटो रेड इंडियन, म्हणजे त्या भूमीचा मूळनिवासी. पुढे रचलेल्या कथेप्रमाणे दगाफटक्यात जखमी झालेल्या रेंजरला टोंटोच वाचवतो, त्याची शुश्रूषा करतो. जीव वाचवणारा हा, आणि श्रुतिकेला नाव मात्र त्याचे. शिवाय टोंटोच्या तोंडी इंग्रजी घातली ती मोडकीतोडकी. 'मी' हा शब्दसुद्धा त्याला धड म्हणू दिला नाही. स्पॅनिश भाषेत 'टोंटो' म्हणजे मूर्ख. म्हणून त्या भाषेत त्याचे नाव बदलून 'टोरो' करावे लागले.

आणि हा आवाज कुणाचा? जॉन टॉड नावाच्या वयस्क गोऱ्या नटाचा. लिहिणारे फ्रॅन स्ट्रायकर गोरे, बोलणारा गोरा. आणि मूळनिवासी असेच बोलतात, हे घरोघरची पोरे शिकली. रेडिओवर तोंड दिसत नाही, त्यामुळे कुणी विचारलेही नसेल.

आमचे एक स्नेही म्हणाले, "अहो, करमणूक ती! एवढे काय मनाला लावून घ्यायचे?" आम्ही त्यांना इतकेच विचारले, की मग बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' कशासाठी काढला? पत्रे तर तेव्हाही पुष्कळ होती.

१९४९ साली हीच कथा टीव्हीवर आली. आता चेहरा दिसणार होता. टोंटो झाले जे सिल्व्हरहील्स, कॅनडातले, मोहॉक जमातीचे. माणूस खरा मिळाला, पण संवाद तसेच मोडके राहिले. १९५७ पर्यंत त्यांनी ते म्हटले. पोटापाण्याचा प्रश्न होता, त्यांना आम्ही दोष देत नाही. पुढे १९६० च्या दशकात याच सिल्व्हरहील्स यांनी लॉस एंजेलिसमध्ये मूळनिवासी कलावंतांसाठी अभिनयाची कार्यशाळा उभी केली आणि आपल्या पोरांना शिकवायला घेतले.