फॉण्टात अडकलेली मराठी

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तिच्यातला हवा तो शब्द टाइप करून क्षणात काढता येतो. आता १९९८ साली आपल्याकडे संगणकावर जुळवलेल्या एखाद्या कवितासंग्रहाची फाइल उघडून पाहा. फाइल शाबूत असते, उघडतेही. पण पडद्यावर मराठीचं एकही अक्षर दिसत नाही. इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याच्या चिन्हांचा नुसता चिवडा.

तेव्हा पेजमेकरसारख्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरला देवनागरी ठाऊकच नव्हती. म्हणून फॉण्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवली. कृतिदेव या फॉण्टात ‘मराठी’ लिहायचं तर इ, जे, के, मोठा बी आणि एच या कळा दाबायच्या. कागदावर ‘मराठी’ उमटे, पण फाइलीत साठत ती ही पाच इंग्रजी अक्षरंच. फॉण्ट गेला की मराठीही गेली. त्यातून श्रीलिपीची मांडणी वेगळी, सीडॅकच्या आयएसएमची वेगळी. एका ठिकाणी जुळवलेला मजकूर दुसरीकडे न्यायचा तर फॉण्टही सोबत न्यावा लागे.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड: त्यात प्रत्येक अक्षराला फॉण्टावर अवलंबून नसलेला स्वतःचा क्रमांक असतो. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरी होती. विंडोज २००० मध्ये मंगल फॉण्टही आला. तरी डीटीपीवाले जुन्या फॉण्टांवरच राहिले, आणि त्यासाठी त्यांना दोष देता येणार नाही. पेजमेकरमध्ये युनिकोड मराठी चालायचीच नाही, इनडिझाइनमध्ये पुष्कळ वर्षं जोडाक्षरं फुटायची. ज्याला दिवाळी अंकाचा शेवटचा फॉर्मा रातोरात छपाईला द्यायचा आहे, तो चालणारा फॉण्टच वापरणार. पण ती अडचण आता उरलेली नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बलू हे देखणे युनिकोड फॉण्ट तर फुकट मिळतात. आजही जुन्याच फॉण्टांत पुस्तकं लावणाऱ्या प्रकाशकांकडे सवयीखेरीज दुसरं कारण आहे, असं मला वाटत नाही.

त्या सवयीची किंमत फार मोठी आहे. लेखक हल्ली फोनवर किंवा लॅपटॉपवर युनिकोडमध्येच लिहितो. प्रकाशकाकडे तो मजकूर जुन्या फॉण्टात बदलला जातो आणि प्रुफं त्यातच तपासली जातात. म्हणजे लेखकाकडे उरतो कच्चा खर्डा आणि शुद्ध, अंतिम मजकूर फॉण्टात कैद. त्यात शोध घेता येत नाही, त्याचं ई-पुस्तक सहजी होत नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर अशी पीडीएफ उघडतो आणि इंग्रजी अक्षरांची बडबड ऐकवतो. पैसे मोजून घेतलेलं मराठी पुस्तक त्याला मराठीत ऐकता येऊ नये, हा सरळसरळ अन्याय आहे.

फॉण्ट बदलून देणारी साधनं आहेत, नाही असं नाही. पण ‘दिवस’ हा साधा शब्द घ्या. ऱ्हस्व वेलांटी ‘द’च्या डावीकडे दिसते, म्हणून जुन्या फॉण्टात ती आधी टाइप होई आणि आधीच साठे. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: आधी ‘द’, मग वेलांटी. रफाराचं नेमकं उलटं. ‘सूर्य’मधला ‘र’ आपण ‘य’च्या आधी उच्चारतो, पण जुन्या फाइलीत तो ‘य’च्या नंतर असतो. कन्व्हर्टरला ही सगळी उलटापालट करावी लागते आणि अवघड जोडाक्षर आलं की तो अडखळतो. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ यांतला आपला मराठी अर्धा ‘र’ तर हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या कन्व्हर्टरमधून हमखास निसटतो. म्हणून छापील प्रत शेजारी ठेवून पुन्हा ओळन् ओळ वाचावी लागते. हे मुद्रितशोधकाचं काम आहे आणि त्याचे त्याला नीट पैसे मिळायला हवेत. साहित्य संस्थांनी संमेलनांच्या मांडवावर होणाऱ्या खर्चातला थोडा हिस्सा इकडे वळवला, तर मराठी वाचक त्यांचे ऋणी राहतील.

तोवर आपल्या हातात आहे ते आपण करू. वडिलांचे लेख, गावच्या वाचनालयाची स्मरणिका, स्वतःचा प्रबंध असं काही जुन्या सीडीवर असेल, तर आधी उतरवून घ्या. सीडी चालवणारे संगणक आता शोधावे लागतात. फाइलीशेजारी तिचा फॉण्टही ठेवा आणि फॉण्टचं नाव फाइलीच्या नावातच लिहा, कारण तो कोणता हे कळलं नाही तर कन्व्हर्टरचाही उपयोग होत नाही. आणि लेखकांनो, पुढच्या पुस्तकाचा करार करताना एक कलम आग्रहाने घालून घ्या: छपाईला गेलेला अंतिम मजकूर मला युनिकोडमध्ये मिळेल.