जन्मकथा आणि झाडू



आपली मुले-मुली संगणकावर वसाहत वसविण्याचे खेळ खेळतात. 'करमणूक आहे' असे म्हणून आपण तिकडे लक्ष देत नाही. परंतु ज्या खेळात मूल माणसांना कामे वाटून देते, तो खेळ त्याच्याकडून समाजरचनेचाच धडा गिरवून घेत असतो. तो धडा कोणता, हे पाहणे आपले कर्तव्य आहे.

'रिमवर्ल्ड' हा कॅनडातील लुडिऑन स्टुडिओजचा खेळ २०१८ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. दूरच्या ग्रहावर यान कोसळते आणि वाचलेल्या तिघांनी वस्ती उभारावयाची असते. खेळणाराच्या पुढे एक तक्ता येतो. त्यात माणसांची नावे आणि कामे असतात. चौकटीत १ ते ४ अंक घालून कोणी कोणते काम आधी करावे हे ठरवावयाचे. प्रत्येकाची १२ कौशल्ये ० ते २० अशी मोजलेली असतात. ज्याला ज्या कामाची आवड, तो ते लवकर शिकतो. येथवर आमची तक्रार नाही. गुण आणि आवड पाहून काम देणे ही श्रमाची विभागणी होय.

परंतु प्रत्येकाच्या कपाळी बालपणाची व पुढील आयुष्याची एक पूर्वकथाही लिहिलेली असते. ती कथा काहींना काही कामे कायमची वर्ज्य करते. मध्ययुगीन सरदार अंगमेहनत करणार नाही. कारण ती त्याला कमीपणाची वाटते! ओझी वाहणे, झाडलोट करणे या कामांना खेळाने नावच 'मूढ श्रम' असे दिले आहे. त्याच्या चौकटीत खेळणाराला अंकच घालता येत नाही. १९३६ साली बाबासाहेबांनी 'जातिसंहार' ग्रंथात बजावले होते की, जात ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांचीही विभागणी आहे. तीच ही विभागणी नव्हे काय?

कोणी म्हणेल, खेळ तर त्या सरदाराची थट्टाच करतो. करीत असेल! पण थट्टेने घाण निघत नाही. ती उरलेल्यांनाच काढावी लागते. त्याहून भयंकर गोष्ट अशी की, झाडलोटीला व ओझी वाहण्याला त्या १२ कौशल्यांपैकी एकही जोडलेले नाही. स्वयंपाक करणारा शिकत जातो, सुतारकाम करणारा शिकत जातो. झाडणारा मात्र वर्षानुवर्षे झाडूनही जेथल्या तेथेच राहतो. मग खेळणारा म्हणतो, 'याला दुसरे काय येते?' आणि पुन्हा झाडू त्याच्याच हाती देतो. मेलेली गुरे ओढणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांना गाव हेच म्हणत नव्हता काय? १९५६ साली नागपुरास आपण ज्या धर्माचा त्याग केला, त्याचे मर्म हेच होते.

म्हणून मुलांना खेळ बंद करा असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, 'बाळांनो, या वस्तीत घाण कोण काढतो? आणि तोच का?' ज्यांच्या चौकटी मोकळ्या आहेत त्या सर्वांत ते काम वाटून द्यावयास शिकवा; झाडणाऱ्यालाही शिकण्याचे काम द्यावयास लावा.

मात्र हा प्रश्न विचारण्यापूर्वी आपल्या घरचा तक्ता तपासा. तेथे झाडूच्या चौकटीत १ हा अंक कोणाच्या नावापुढे आहे? सुनेच्या? लेकीच्या? आणि मुलाची चौकट मोकळी का? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात लेकीची जन्मकथा तिचे काम ठरवीत असेल, तर चातुर्वर्ण्य आपण उंबऱ्याबाहेर टाकले नाही, केवळ आत लपवून ठेवले आहे.

जय भीम!