टँकमध्ये कोण उतरणार?

गेल्या श्रावणात आमच्या वस्तीतल्या एका घरचा संडास तुंबला. घर आपल्याच माणसाचे. गच्चीवर निळा झेंडा, बैठकीत बुद्ध आणि बाबासाहेब. सेप्टिक टँकचे पाणी अंगणात आले, तेव्हा घरमालकाने एका पोराला बोलावले. "दोन हजार देतो, उतर आतमंदी." आम्ही चौघांनी अडवले म्हणून तो उतरला नाही. घरमालक चिडून म्हणाला, "मंग टँकर येईलोक आमी का करावं?"

उत्तर कडू आहे. जे करायचे होते, ते आधीच्या आठ वर्षांत करायचे होते. तेवढ्या काळात त्या टँकचे झाकण एकदाही उघडले नव्हते.

मे 2023 मध्ये परभणीच्या सोनपेठ तालुक्यात टँक साफ करताना पाच जण मेले. आत हायड्रोजन सल्फाइड साचतो. तो जास्त झाला की वास येणेच बंद होते. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय कुणालाही टँकमध्ये उतरवणे गुन्हा आहे. हा कायदा फक्त नगरपरिषदेला नाही, घरमालकालाही लागू आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दहा लाख ठरवली होती, ऑक्टोबर 2023 मध्ये ती तीस लाख केली. तरी माणसे उतरतातच, कारण उतरवणाऱ्याला तो गुन्हा वाटत नाही.

बाबासाहेबांनी दाखवून दिले की इथे हे काम माणूस निवडत नाही, ते त्याच्या जन्मावर लादले जाते. आपल्या आज्या-पणज्यांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले ते याच जाणिवेने. मग आपला मैला दुसऱ्या जातीच्या पोराने काढावा, असे आपल्याला का वाटते?

म्हणून मित्रांनो, टँकची निगा हा जातिअंताचाच प्रश्न आहे. आपल्या वर्षाप्रमाणे तो असा सोडवता येतो. भीमजयंती झाली की झाकण उघडून, वरूनच काठी घालून गाळ किती चढला ते बघा. उघड्या टँकवर वाकू नका, विडी-काडी पेटवू नका. दोन-तीन वर्षांतून एकदा गाळ उपसावाच लागतो. मृगाआधीच सक्शन टँकर बोलवा. पावसाळ्यात आपली काळी माती फुगते, शोषखड्डा पाणी घेत नाही आणि भरलेला टँक उलटा येतो. वर्षावासाच्या महिन्यांत गच्चीचे पाणी टँककडे जाऊ देऊ नका. धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर झाकणाची फट आणि व्हेंट पाईपची जाळी तपासा. अ‍ॅसिड आणि फिनाईल बारा महिने जपून वापरा, त्याने मैला कुजवणारे जिवाणू मरतात.

पण सगळे घरावर ढकलून चालणार नाही. टँकरचे भाडे मजुराच्या घराला झेपत नाही. साताऱ्यातील वाई आणि नाशिकमधील सिन्नर येथील नगरपरिषदांनी दर तीन वर्षांनी घरोघरचे टँक यंत्राने उपसण्याचे वेळापत्रक लावले. यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रसला ते का जमू नये? पुढच्या जयंतीच्या वर्गणीची बैठक बसेल, तेव्हा नगरपरिषदेला द्यायचे हे निवेदनही लिहा. आणि घरी जाऊन आपले झाकण शेवटचे कधी उघडले होते, ते आठवा.

जय भीम.