कातकरी वाडीखालची जमीन

पुनावळे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. पलीकडच्या मावळ-मुळशीतील कातकऱ्यांच्या वाट्याला या भरभराटीतून आली ती धास्ती. खैराच्या कातावरून नाव पडलेली ही जमात. जंगलकायद्यांनी तो धंदा बुडाला. उरली कोळसा-वीटभट्टीची मजुरी. भट्टीमालकाची उचल फेडता फेडता मुलांची शाळा सुटते, आणि दोष मात्र कातकऱ्याच्या फिरस्तेपणाला! वाघदेवाला भजणाऱ्या या माणसांना आता भय आहे ते जमीनमालकाचे, कारण त्यांच्या वाड्या बहुधा परक्याच्या जमिनीवर असतात. २०२३ च्या प्रधानमंत्री जनमन योजनेने घरकुले देऊ केली. पण ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्याने घर बांधावे कोठे? महसूल खात्याने आधी वाडीखालची जागा गावठाणात घ्यावी.