आईचे ताट आणि बाळाचा मेंदू

मागच्या आठवड्यात दत्तापुरात एका घरी बसलो होतो. सून दोन महिन्यांची गरोदर. सर्वांचे जेवण आटोपल्यावर गंजात उरले ते घेऊन ती जेवायला बसली. तिला दूध, अंडे देत जा, असे मी म्हटले. सासूबाई म्हणाल्या, "आता त दोनच महिने झाले भाऊ, सातव्यात खाऊ घालू तिले."

भगिनींनो, इथेच आपला हिशेब चुकतो. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू व मज्जारज्जू घडतो, ती गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत बंद होते. तेव्हा पुष्कळ बायांना दिवस गेल्याचे ठाऊकही नसते. पुढे मज्जापेशी तयार होतात आणि आपापल्या जागी सरकत जातात. प्रत्येक पेशीतून धाग्यासारखे तंतू निघतात. वाटेतल्या रासायनिक खुणा ओळखत ते दुसऱ्या पेशींपर्यंत पोचतात व जोड जुळतात. पहिले जोड तिसरा महिना संपण्याआधीच जुळू लागतात. सातव्या महिन्यात तर बाळ आवाजाला प्रतिसाद देते. जन्मानंतरही हे काम चालते, पण पाया पोटातच पडतो.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक मातांत बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. मज्जातंतूंवरील आवरणाला ते लागते. ज्या मातांत ते फार कमी होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष टिकवणे व लक्षात ठेवणे यांत काहीशी मागे दिसली. म्हणून २०१२ पासून त्याच खेड्यांतील तरुण मुलामुलींना बी-१२ च्या गोळ्या दिल्या. पुढे त्या मुलींना झालेली बाळे समज व भाषा यांत थोडी सरस आढळली.

भाजी-भाकरीत बी-१२ जवळजवळ नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असते. पालेभाजी, डाळ व आयोडीनचे मीठ हेही हवे. लोह व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्या डब्यात ठेवू नका, खा. तंबाखू मात्र सोडा. एखादे पोर अभ्यासात मागे पडले, तर त्याच्या आईला बोल लावू नका; तिच्या ताटात काय वाढले ते आठवा.

हे सारे सांगितल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या वक्ती आमाले कोनं देल्लं भाऊ?"

खरे आहे. कोणी दिले नाही. म्हणूनच घरात कोणीतरी सुरुवात करायला हवी, आणि तीही वयात आलेल्या मुलीच्या ताटापासून.