शस्त्रक्रियेनंतरचा उपवास

कर्करोगामुळे जठराचा काही भाग, प्रसंगी सबंध जठरच, काढून टाकावे लागल्यावर वारा सरेपर्यंत रुग्णाच्या पोटात काही जाऊ द्यावयाचे नाही, हा रिवाज आपल्याकडे अद्याप अनेक ठिकाणी निष्ठेने पाळला जातो. आणि नातलगही ‘सलाईन चालू आहे ना’ म्हणून निश्चिंत राहतात. वस्तुतः पाच टक्के ग्लुकोजच्या एक लिटर सलाईनमधून जेमतेम 170 ते 200 कॅलरी मिळतात, प्रथिने मुळीच नाहीत. 60 किलो वजनाच्या माणसाची दैनंदिन गरज मात्र 1500 कॅलरींच्या खाली नसते. अमेरिकन शल्यविशारद हायरम स्टडली यांनी 1936 सालीच दाखवून दिले होते, की जठरव्रणाच्या ज्या रुग्णांचे वजन शस्त्रक्रियेपूर्वी पंचमांशाहून अधिक घटले होते, त्यांतील सुमारे एकतृतीयांश दगावले. इतरांत हे प्रमाण चार टक्क्यांच्याही आत होते. जठराच्या कर्करोगाचा रुग्ण तर बहुधा आधीच खंगलेला असतो.

वारा सरणे ही मोठ्या आतड्याची खूण आहे, आणि ते पूर्ववत होण्यास तीन-चार दिवस लागतात. लहान आतडे मात्र काही तासांतच कामास लागते. म्हणून ज्याला तोंडाने अन्न घेता येते त्याला ते लवकर द्यावे. ज्याला पुरेसे घेता येणार नाही असे आधीच दिसते, त्याच्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळीच, जठर काढल्यावर केलेल्या नवीन जोडाच्या पलीकडे, नाकावाटे किंवा पोटाच्या भिंतीतून, लहान आतड्यात नळी बसवून ठेवण्याची तजवीज करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. रक्तदाब औषधांच्या जोरावर टिकवून धरलेला असेल तेव्हा थांबणेच इष्ट. नळी सरकते, पोटावरच्या छिद्रातून झिरपते, हेही खरे. परंतु पुष्कळसे उपद्रव घाईतून उद्भवतात. साठवण करणारे जठर मध्ये नसल्यामुळे सिरिंजने एकदम भरलेला आहार कळा आणि जुलाब आणतो. तो ताशी 10 ते 20 मिलिलिटर अशा संथ, अखंड धारेने सुरू करून, रुग्णाला सोसेल तसा काही दिवसांत वाढवावा लागतो. उशाकडची बाजू उंच ठेवणे, नळी वेळोवेळी स्वच्छ पाण्याने धुणे, तीत गोळ्यांची भुकटी न घालणे, ही कामे परिचारिकेइतकीच घरच्यांनाही शिकविता येतात.

संमतिपत्रावर सही घेताना भुलीचा आणि रक्तस्रावाचा धोका समजावून सांगितला जातो. त्याच बैठकीत, शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला काय, किती आणि कोणत्या मार्गाने दिले जाणार, याचा लेखी खुलासा नातलगांनी मागावा आणि रुग्णालयांनी तो द्यावा.