प्रशिक्षण पडद्यावर, धडा खिडकीबाहेर

मागे आमचे दोन दिवसांचे प्रशिक्षण माथेरानच्या एका जुन्या ब्रिटिशकालीन हॉटेलात झाले. लाल मातीची वाट, उतरते कौलारू छप्पर, रुंद व्हरांडा. मन एकदम खूश! विषय होता परिसर अभ्यास आणि अनुभवातून शिक्षण. पण दोन्ही दिवस खिडक्यांचे पडदे ओढून आम्ही पीपीटीच बघत बसलो.

बाहेर काय नव्हते? १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथे आले आणि हे ठिकाण नावारूपाला आले. १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर आली. खासगी मोटारींना गावात प्रवेश नाही. मग छप्पर इतके उतरते का? रूळ फक्त दोन फूट रुंदीचे का? मोटारीशिवाय दुकानातला माल वर कसा येत असेल? या तीन प्रश्नांत इतिहास, भूगोल, गणित सगळे आले असते.

एवढ्या लांब नेलेच कशाला, असे काहीजण म्हणतील. मला तसे वाटत नाही. शिक्षकालाही चांगली जागा मिळावी. पण त्या जागेला शिकवू द्या ना!

सोमवारी वर्गात मी पुस्तकातले विहिरीचे चित्र दाखवायला लागलो. एक मुलगी म्हणाली, "सर, विहीर तर शाळेच्या मागेच आहे." तेव्हा कळले, आपण जसे शिकतो तसेच शिकवतो.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. त्यातले निदान दहा तास तरी खोलीबाहेर व्हावेत. तुम्हाला काय वाटते?